मधली पानं

डोंगरापलीकडच्या एका गावात एक चिडकी ग्रंथपालबाई राहत होती. ती जन्मापासून चिडकी नव्हती. गावातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी तिला तशी केली होती.

या पोरांना पुढच्या वर्षी नदीकाठच्या विद्यापीठात शिकायला जायचं होतं. त्यांच्यातल्या सगळ्यांत हुशार मुलीला वैद्य व्हायचं होतं. गावात वैद्य नव्हता, साधा ताप आला तरी लोकांना दोन दिवस चालत जावं लागे. त्यामुळे सगळं गाव तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं.

"वर्ष आहे हातात, वाचा!" बाई म्हणाली. "कपाटात बारा जाड पुस्तकं आहेत. प्रत्येकाने बाराही वाचायची."

"आम्हीही बाराच जण आहोत," मुलगी म्हणाली. "एकेक जण एकेक पुस्तक वाचू आणि दर पौर्णिमेला पारावर बसून बाकीच्यांना सार सांगू. सगळ्यांची सगळी होतील!"

"अगं, तुझं जेवण शेजारणीने जेवलं तर तुझं पोट भरतं का?"

पण ऐकतंय कोण! पहिल्या पौर्णिमेला सार तासभर चाललं, तिसऱ्या पौर्णिमेला चार वाक्यांत आटोपलं. पुढे तर जो तो पहिलं आणि शेवटचं पान बघून पारावर यायचा. वर आईबाप गावभर सांगत फिरायचे, "आमच्या लेकराची बारा पुस्तकं झाली!" बाईने कपाळावर हात मारून घेतला. बोलून बोलून बिचारीचा घसा बसला.

वर्ष सरलं. विद्यापीठाच्या अंगणात प्रवेश देणाऱ्या आचार्यांनी मुलीच्या हातात एक पुस्तक ठेवलं. "एका वैद्याने आपल्या रोग्यांविषयी लिहिलंय. संध्याकाळपर्यंत वाच, मग बोलू."

तिसऱ्या पानावर मुलीला जांभई आली, पाचव्यावर चुळबुळ सुरू झाली. बोटं सवयीने शेवटच्या पानाकडे गेली. भर दुपारीच ती आचार्यांपुढे उभी राहिली.

"झालं वाचून?"

"हो. या तापावर डोंगरातली कडू मुळी उगाळून द्यावी. रोगी तीन दिवसांत उठून बसतो."

"तुझ्याकडे तापाने फणफणलेलं मूल आणलं. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नाही. काय देशील?"

"तीच मुळी," ती ताडकन म्हणाली.

आचार्यांनी पुस्तक मधोमध उघडून तिच्यापुढे धरलं. वैद्याने लिहिलं होतं: 'उपाशी पोटी ही मुळी दिली आणि मूल दगावलं. ती माझी धाकटी लेक होती.'

मुलीने ती ओळ पुन्हा वाचली. "मला हे दिसलंच नाही..."

"कसं दिसेल? तिथवर तू गेलीच नाहीस. पुढच्या वर्षी ये."

बाकीच्या अकरा जणांचीही तीच गत झाली. मुलगी खाली मान घालून बाईकडे आली. "बाई, बारा पुस्तकं द्या."

"बारा नको, एक घे! आणि इथे माझ्यासमोर बस," बाई खेकसली.

मुलगी चार वेळा पेंगली. चारही वेळा बाईने टेबलावर पट्टी आपटली. पुढे दिवेलागणी झाली म्हणून बाईने हाक मारली, पण मुलगी वाचण्यात इतकी बुडाली होती की तिला ती ऐकूच आली नाही. बाईने मग मुकाट्याने दिवा लावून तिच्याजवळ ठेवला.

तात्पर्य, हजारदा सांगून झालं तरी पुन्हा एकदा: पुढच्या शिक्षणाला जायच्या आधी पुस्तकं वाचा, स्वतः वाचा आणि पूर्ण वाचा. दुसऱ्याने सांगितलेल्या सारावर कुणाचा जीव वाचत नाही.