शिंपलबेटावर राजा कोण?

हौसाच्या नवऱ्याला, जानूला, शिंपलबेटाच्या अमलदाराने कोठडीत टाकलं. अमलदाराच्या मेहुण्यांना फिरायला जायचं होतं आणि जानूने आपली होडी दिली नाही, एवढंच कारण. शिक्षाही लगेच ठरली: जन्मभर राजाच्या गलबतावर वल्ही मारायची. जानूचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही.

खाडीपलीकडे, उंबरगडच्या राज्यात, पंचांनी ऐकून घेतल्याशिवाय कुणाला कोंडता येत नसे. पण शिंपलबेटाची गोष्ट वेगळी. भीमपाल राजाच्या वडिलांना ते तहात मिळालं होतं, आणि वडील गेल्यावर भीमपालाकडे आलं होतं. दरबारातले थोर विद्वान त्र्यंबकशास्त्री यांनी पुष्कळ खल करून निर्णय दिला होता, की बेट राज्याचं आहे, पण राज्यात नाही. त्यामुळे कर वसूल करणारे खाडी ओलांडून मजेत येत. कायद्याला मात्र होडी लागायची.

एकदा राजा बेटावर कालवं खायला आला. सोबत शास्त्रीबुवा होते, आणि धाकटे भाऊ बाळराजे. बाळराजांना राज्यात जेवण्याखेरीज काही काम नव्हतं.

हौसा थेट पंगतीसमोर जाऊन उभी राहिली. "महाराज, माझ्या नवऱ्याचं पंचांपुढे ऐकून घ्या."

"राज्याचा कायदा इथे लागू नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "फार सूक्ष्म मुद्दा आहे, बाई. तुला कळायचा नाही."

"कर भरताना कुणी सूक्ष्म म्हणालं नाही," हौसा म्हणाली.

राजाला गंमत वाटली. "बरं. या बेटावर एक तरी जागा दाखव, जिथे राज्याचा कायदा चालतो. माझं जेवण संपायच्या आत दाखवलीस, तर नवरा सुटला. नाही तर तूही बस त्याच्या शेजारी वल्हं मारायला."

हौसाने चहूकडे नजर फिरवली. बेटावर होतं काय? वाळू, माड आणि वाळत घातलेली मासळी. तेवढ्यात बाळराजांनी थोरल्या भावाच्या ताटातलं कालव हळूच उचललं. हौसा त्या दोघांकडे बघत राहिली.

"महाराज, राज्यात गादी कुणाला मिळते?"

"थोरल्या मुलाला. कायदाच आहे तसा."

"आमच्या बेटावर थोरले वेगळे होतात. बापाचं सगळं धाकट्याला मिळतं. आता राज्याचा कायदा इथे येतच नाही म्हटल्यावर बेटाची रीत चालणार." ती बाळराजांकडे वळली आणि तिने लवून मुजरा केला. "महाराज, माझ्या नवऱ्याला सोडायचा हुकूम द्या."

बाळराजांनी घास खाली ठेवला. पाठ ताठ केली. "देऊ का?" त्यांनी विचारलं. आवाजात बरीच आशा होती.

"आणि इथले राजे आपणच असाल," हौसा भीमपालाला म्हणाली, "तर ते राज्याच्या कायद्यानेच. म्हणजे आपण बसलात तीच जागा त्या कायद्याची. दाखवली मी."

राजाने शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवा माडाचे नारळ न्याहाळत होते.

राजा खो खो हसू लागला. "बाळ, तू जेव," तो म्हणाला. "जानूला सोडा. आजपासून राज्याचा कायदा या बेटावरही लागू, आणि हौसा इथली पहिली पंच. त्या अमलदाराला मात्र आत्ताच्या आत्ता कोठडीत टाका."

"आत्ताच्या आत्ता नाही, महाराज," नवी पंच म्हणाली. "आधी त्याचं ऐकून घ्यावं लागेल."

यावर राजाला असं काही हसू आलं, की बाळराजांना ताटावरून उठून त्याची पाठ थोपटावी लागली.