तोडेल तो वाहील

"बुवा, तुम्ही एक शब्द टाकलात तर ओतारी मागे सरेल. टाकाल ना?"

निवांतबुवा गंध उगाळत होते. सहाणेवर खोड फिरत राहिलं.

त्यांचं खरं नाव निराळं होतं. आयुष्यात त्यांनी कधी कशाची घाई केली नाही, म्हणून गावानं हे नाव ठेवलं आणि तेच राहिलं. टेकडीच्या पायथ्याला त्यांचा मठ. मठ म्हणजे काय, एक ओसरी, एक कोनाडा आणि एक महादेवाची पिंड.

समोर मांडी घालून बसलेला अरविंद टेंभेकर त्यांचा शिष्य. शिवाय महापालिकेचा उद्यान अधीक्षक. शिष्य आधी की अधीक्षक आधी, हे दिवसावर अवलंबून असायचं.

आमची टेकडी एकेकाळी बोडकी होती. अर्धी दगडखाणीनं खाल्ली होती आणि उरलेल्या अर्धीवर शहराचा कचरा पडायचा. अरविंदानं तिथं झाडं उभी केली. करंज, बहावा, उंबर, कडुलिंब, बेल. त्यासाठी तो ठेकेदारांशी भांडला. बदली करून त्याला पाणीपट्टीच्या खात्यात टाकलं, तिथून भांडून परत आला. आज कोणाकडे पाहुणा आला की आम्ही त्याला देवळाच्या आधी टेकडीवर नेतो. अभिमान वाटतो आम्हाला, आणि का वाटू नये?

अरविंदाला तो जरा जास्त वाटे. पण झाडांहून त्याचा जीव होता नियमावर.

नियम साधा होता. टेकडीवरच्या या नगरवनात कोणी पान, फूल, फांदी तोडली, तर दंड नाही की पोलीस नाही. त्या माणसानं त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पायथ्याच्या विहिरीचं पाणी वरच्या रोपांना वाहायचं. तोडेल तो वाहील. सर्वसाधारण सभेनं हा ठराव मंजूर केला. पुढे दुसऱ्या शहरांचे अधिकारी तो उतरवून न्यायला येऊ लागले आणि तेव्हापासून अरविंदाची मान ताठ राहू लागली. ती आजतागायत काही खाली आली नव्हती.

"काय म्हणतो ओतारी?" बुवांनी विचारलं.

"पठारावरची रोपं काढून द्या म्हणतो. नवरात्र मंडळाचा मांडव घालायचाय त्याला. तो नगरसेवक झाल्यापासून मंडळ वाढलंय, जुनी जागा पुरत नाही. उद्याच्या सभेत विषय येतोय."

"तू काय म्हणालास?"

"नियम म्हणजे नियम."

"मग?"

"हसला तो."

"बरं. मी काय सांगू त्याला?"

अरविंद सरसावून बसला. "सांगा की हे वन सगळ्या शहराचं आहे. इथं कोणाला सवलत नाही."

"कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही." अरविंद थोडा थांबला. "म्हणजे... तुम्हाला सोडून."

खोड सहाणेवर थांबलं.

अरविंदाला हे कधीतरी सांगायचंच होतं. चांगला मुहूर्त बघून सांगू, म्हणून त्यानं राखून ठेवलं होतं.

"ठरावात खाली एक ओळ घातलीय, बुवा. मठाच्या पूजेला बेल तोडायची मुभा. त्या एका ओळीसाठी सभेत मी सगळ्यांना पुरून उरलो. गुरुदक्षिणा समजा."

बुवांनी पिंडीशेजारच्या परडीकडे पाहिलं. बेलाची ताजी पानं होती, दव अजून सुकलं नव्हतं.

"ही रोज सकाळी येते ती परडी... टेकडीवरची?"

"हो. गजराबाई रखवालदार स्वतः तोडून आणते."

"मला वाटायचं, तुझ्या परसातल्या बेलाची."

"मला परस कुठलं, बुवा? मी तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"ओतारीनं ती ओळ वाचलीय?"

अरविंदानं सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला, मग सोडला.

"वाचलीय."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, महादेवाला मुभा आणि देवीला नाही, हे कसं? नवऱ्याला आत घ्यायचं आणि बायकोला दारात उभं करायचं, ही कुठली रीत?"

बुवांना हसू आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

"बिनतोड बोलला की."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुमचा शब्द तो मोडणार नाही. दर सोमवारी पाया पडायला येतो तुमच्या."

ओसरीसमोरून एक म्हातारी चालली होती. डोक्यावर घागर, पदर कमरेला खोचलेला. चढाला लागताना ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा चालू लागली.

"ती कोण?"

"धुरपदाबाई. खाणीपलीकडच्या वस्तीतली. आज उजाडताच शेळीसाठी उंबराची डहाळी तोडताना सापडली." अरविंदाचा आवाज नकळत चढला. "बघा बुवा, एका शब्दानं तक्रार केली नाही तिनं. लोकांना पटलाय नियम."

"शेळीला काय घातलं मग?"

"ते... मी नाही विचारलं."

बुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून उठले. परडी उचलली आणि वहाणा न घालताच ओसरी उतरले.

"बुवा, पूजा राहिली," अरविंद मागून म्हणाला.

बुवा थांबले नाहीत.

विहिरीशी गजराबाई खुर्चीवर बसली होती. बुवांना येताना पाहून ती उठली आणि खुर्ची पुढे केली. बुवांनी खुर्चीवर परडी ठेवली.

"बाई, ही पानं माझ्यासाठी तुटली. घागर दे."

गजराबाईला काही उमजेना. "बुवा, तुम्हाला मुभा हाय."

"मुभा नसती, तर आलो नसतो."

ती बुवांच्या मागून आलेल्या अरविंदसाहेबांकडे पाहू लागली. सकाळचे फिरायला आलेले लोक घोळक्यानं थांबले. आमच्या शहरात कोणी थांबलं की मागचाही, का ते न विचारता, थांबतो.

अरविंद बुवांच्या कानाशी आला.

"बुवा, चारचौघांत नको. ती ओळ मी उद्या सभेत उभा राहून खोडतो. माझा शब्द."

"उद्याचं उद्या. ही पानं आजची आहेत."

"मग तुमच्या वाटचं पाणी मी वाहतो."

"पूजा कोणाची होती?"

"तुमची."

"मग?"

हा माणूस अरविंदाचा कोण होता? बदली झाली त्या संध्याकाळी राजीनामा लिहून तो मठात आला होता आणि बुवांनी तो कागद चुलीत घालून त्यावर चहा उकळला होता. त्या माणसाला, गुडघे धरून उठणाऱ्या माणसाला, त्यानं चढावर घागर घेऊन पाठवायचं? आणि नाही पाठवलं, तर उद्या ओतारीपुढे कुठल्या तोंडानं उभं राहायचं? त्याला स्वतःच्या त्या एका ओळीची लाज वाटली. इतकी वर्षं ती त्याला भक्ती वाटत आली होती.

बुवांनी त्याला घाई केली नाही. ते कोणालाच करत नसत.

धुरपदाबाई रिकामी घागर घेऊन उतरून आली आणि बाजूला उभी राहिली.

अरविंदानं वर पठाराकडे पाहिलं. गुडघाभर उंचीची रोपं होती, लांबून गवतासारखीच दिसत होती.

"गजराबाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नियम सगळ्यांना आहे. बुवांना घागर द्या. मावळेपर्यंत."

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला, पण शब्द पुरता बाहेर पडला.

घोळक्यात खळबळ झाली. "अहो टेंभेकर, साधूला? पाप कुठे फेडाल?" एक निवृत्त मास्तर तर काठी आपटून म्हणाले, "असल्या शिष्यापेक्षा बिनशिष्याचा गुरू बरा." धुरपदाबाई सकाळपासून पाणी वाहत होती, तिच्याबद्दल मात्र कोणाला पाप आठवलं नव्हतं.

तिनंच आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून बुवांना दिली.

"खांद्यावर नका घेऊ, बुवा. डोईवर घ्या. काठ टोचत न्हाई."

बुवांनी चुंबळ डोक्यावर ठेवली. तिनंच घागर उचलून वर दिली. दोघं चढाला लागले, ती पुढे आणि ते मागे.

तिची दुसरी चुंबळ नव्हती. अरविंदानं गळ्यातला रुमाल काढून, वळून तिच्यासाठी चुंबळ केली आणि ती पुन्हा उतरून आली तेव्हा तिच्या हातात दिली. घागरीला त्यानं हात लावला नाही. तेवढं त्याला कळलं होतं.

तो विहिरीशी उन्हात उभा राहिला. लोक येत, बघत, बोलत. तो ऐकून घेई.

उन्हं कलायच्या सुमाराला राजाभाऊ ओतारी आले. बरोबर मंडळाची पोरं, मोजायची टेप आणि चुन्याची पिशवी. उद्या ठराव व्हायचाच आहे, तर आज खुणा करून ठेवायला काय हरकत, असा त्यांचा विचार. माणूस वाईट नव्हता, फक्त देवीच्या नावावर त्याला कोणी नाही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या वाटेनं ते थेट पठारावर चढले. पोरांनी टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणली.

तेवढ्यात चढावरून निवांतबुवा वर आले. धोतर ओलं, पायाला चिखल, दाढीतून पाणी गळतंय. ते टेपेजवळ आले, खाली बसले आणि टेपेखाली आलेल्या रोपाला हळूहळू पाणी घालू लागले.

ओतारींनी धावत येऊन पायांना हात लावला.

"बुवा, हे काय?"

"पाणी."

"ते दिसतंय. पण तुम्ही का?"

"बेल तोडला."

"अहो, पण मठाला मुभा आहे. ठरावात लिहिलंय. मी स्वतः वाचलंय, उद्या सभेत तेच तर..."

पुढचं वाक्य ओतारींच्या तोंडातच राहिलं.

बुवा दुसऱ्या रोपाकडे सरकले. त्यांच्या मागून धुरपदाबाई आली आणि तिसऱ्या रोपापाशी बसली.

कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी टेप धरलेलं टोकाचं पोरगं ती गुंडाळत जवळ आलं. चुन्याची पिशवी कोणीतरी पाठीमागे धरली.

ओतारींच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. मग तो तांबडा झाला. हातातून काहीतरी गेलं होतं, आणि ते कोणी नेलं हे कळत नव्हतं. त्यांनी खाली विहिरीकडे, गर्दीकडे रागानं पाहिलं.

"तुम्हाला शिक्षा करायची हिंमत कोणाची झाली, बुवा? नाव सांगा मला."

बुवांनी रिकामी घागर खाली ठेवली. एक हात कमरेवर ठेवून ते उभे राहिले. इतक्या वर्षांत वाकलेला तो कणा इतका सरळ आम्ही कधी पाहिला नव्हता. खाली विहिरीशी अरविंद टेंभेकर मान खाली घालून उभा होता. बुवा त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या ओल्या चेहऱ्यावर, सगळ्यांना दिसेल असा, अभिमान होता.

"माझ्या शिष्याची," बुवा म्हणाले.