मुलगा पाहिला

मृदुलाला बघायला पाहुणे आले, तेव्हा बोलायचा सगळा मान मुलाच्या दिगंबरमामांनीच घेतला. त्यांनी तिला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, आणि दर खेपेला "बघू, विचार करून कळवतो," म्हणत पोह्यांची बशी पुढे केली. मृदुलाचे वडील नुसते हात चोळत उभे होते. मृदुलाला मात्र आता पुरे झालं होतं.

"इंग्रजीच्या क्लासला जातेस म्हणे?" मामा म्हणाले. "मग 'सी', म्हणजे बघणे, हे क्रियापद घालून एक वाक्य बोल. चुकलीस तर आमचा नकार समज."

मृदुलाने पदर सावरला, मामांना सोडून थेट मुलाकडे पाहिलं आणि न अडखळता म्हणाली, "आय हॅव सीन द बॉय. वुई विल लेट यू नो."

मामांचा चमचा तोंडाशीच थांबला.

"अरे, काय म्हणाली ती?" मुलाच्या आईने विचारलं.

इतका वेळ खाली मान घालून बसलेला मुलगा पहिल्यांदाच हसला. "ती म्हणाली, मुलगा पाहिला, विचार करून कळवतो. उठा मामा, आता वाट आपण बघायची."