डहाळीची फिर्याद

फार फार वर्षं झाली त्याला. एका डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. राजाचं नाव मी सांगत बसत नाही, राजांची नावं दगडावर कोरलेली असतातच. या गोष्टीतल्या पोरीचं नाव मात्र सांगते, नीट लक्षात ठेवा. तिचं नाव सावरी.

सावरी राजधानीतल्या विद्यापीठात ऋतूंचा अभ्यास करायची. पाऊस किती दिवस पडला, वारा कुठून आला, झऱ्याचं पाणी कुठवर आलं, सगळं रोज टिपून ठेवायची. एक दिवस जुन्या पोथ्या चाळताना तिला एक गोष्ट खटकली. पूर्वी ऐन चैत्रातही झऱ्याच्या सात पायऱ्या पाण्याखाली असायच्या. आता दोनच उरल्या होत्या.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. राजा नवा महाल बांधत होता. महालाला चुना हवा, चुन्याला भट्ट्या हव्यात आणि भट्ट्यांना लाकूड. बघता बघता डोंगर बोडका झाला होता. झऱ्यावरची जुनी राई तेवढी शिल्लक होती, आणि वैशाखाच्या पुनवेनंतर तिच्यावरही कुऱ्हाड पडणार अशी दवंडी पिटली गेली होती.

"राई गेली तर झरा जाईल, झरा गेला तर नगर जाईल," सावरी म्हणाली. "मी फिर्याद करणार."

आता त्या राज्यातली फिर्यादीची रीत ऐका. ज्याला दाद मागायची असेल त्यानं हिरवी डहाळी हातात धरून राजवाड्याच्या दारात उभं राहायचं. पानं हिरवी आहेत तोवर राजाला 'ऐकत नाही' म्हणायची सोय नव्हती. पण पानांनी माना टाकल्या की घरी जायचं. लोक म्हणायचेच, 'डहाळी सुकली, फिर्याद हुकली.'

या राजाच्या आजोबांच्या काळी घटकाभरात दाद लागायची. पण याचा प्रधान मोठा बिलंदर! तो म्हणायचा, "उभे राहू देत उन्हात. संध्याकाळपर्यंत पानं सुकतील, पोरंही सुकतील."

पोरं मात्र सुकली नाहीत. पहिल्या दिवशी सावरीसह विद्यापीठातली तिघं होती, आठवड्यात तीस झाली आणि पंधरवड्यात तीनशे. भार्गव नावाचा सावरीचा सोबती असा ढोल बडवायचा की राजवाड्याच्या खिडक्या थरथरायच्या. सावरी बोलायला लागली की बाजारातल्या भाजीवाल्या मावश्यासुद्धा हातातली जुडी तशीच धरून ऐकत राहायच्या. खोटं कशाला सांगू, तिलाही ते आवडायला लागलं होतं. आवडेल नाही तर काय!

रोज संध्याकाळी तीनशे डहाळ्या सुकायच्या आणि रोज पहाटे तीनशे नव्या तोडल्या जायच्या. कुठून? अहो, डोंगर तर बोडका. हिरवं असं काही उरलं होतं ते राईतच.

विसाव्या दिवशी सावरी पहाटे राईत गेली. वडाखाली उभी राहून तिनं सवयीनं हात वर केला. हाताला काही लागलं नाही. ती टाचा उंचावून उभी राहिली, तरी काही लागलं नाही.

"आज वर चढावं लागेल तुला," कोणीतरी म्हणालं. "खालचं सगळं संपलं."

उघड्या फांदीवर एक धनेश पक्षी बसला होता. एवढी मोठी त्याची चोच, पण रिकामी.

"समोरच्या बेहड्याच्या झाडात ती ढोली दिसते का?" तो म्हणाला. "तिच्यात माझी बायको आहे, आणि आमचं पिल्लू. ढोलीचं तोंड आम्हीच लिंपून घेतलंय, चोचीपुरती फट ठेवून. आमची रीतच आहे तशी. पिल्लाला पंख फुटेपर्यंत ती बाहेर येत नाही, मी भरवीन तेवढंच दोघांच्या पोटात जातं. काल दिवसभर याच डोंगरावर फिरलो, त्यांना सोडून फार लांब जाता येत नाही. वडाची नऊ फळं मिळाली."

सावरीच्या डोळ्यांत अंगार उतरला. "त्या राजाच्या माणसांनी..."

"राजाची कुऱ्हाड पुनवेनंतर येणार आहे, पोरी," धनेश हळूच म्हणाला. "या डहाळ्या तुम्ही नेल्यात. फळांसकट."

सावरीनं मान वर करून पाहिलं. वीस दिवस ती इथे येत होती आणि वीस दिवसांत तिनं एकदाही वर पाहिलं नव्हतं. डोक्यावर सावली नव्हती. ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

धनेशानं तिला रडू दिलं. मग म्हणाला, "तुझा आवाज इथपर्यंत येतो बरं का. आमच्यासाठी कोणी ओरडतंय हे ऐकून बरं वाटतं, अगदी खरं सांगतो. पण तिला भूक लागलीय गं."

सावरीनं डोळे पुसले. "मी काय करू? डहाळी नसेल तर मला दारात उभंसुद्धा करणार नाहीत."

"ढोलीच्या खाली बघ."

ढोलीखाली ओलसर मातीत बोटभर उंचीचं वडाचं रोप उभं होतं. गेल्या साली धनेशानं बायकोला भरवलेल्या फळातलं बी तिथे पडून रुजलं होतं. दोन पानं होती त्याला, तीही जेमतेम. सावरीनं मातीसकट ते उचललं आणि झऱ्यावर पडलेल्या एका काठ फुटलेल्या मडक्यात लावलं.

राजवाड्यासमोर तीनशे जण वाट पाहत होते. सावरीनं त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे आता माघार?" भार्गव भडकला. "सगळं नगर हसेल आपल्याला! डहाळ्या तोडा असं तूच तर सांगितलंस!"

"मीच सांगितलं. माझंच चुकलं. हसू दे नगराला," सावरी म्हणाली. "पण उद्यापासून राईतलं एक पानही तोडायचं नाही. ज्यांना यायचं त्यांनी पलीकडच्या खोऱ्यातून धनेशासाठी वडाची पडलेली फळं वेचून आणा."

भार्गवनं ढोल जमिनीवर आपटला आणि तो तरातरा निघून गेला. त्याच्यामागून बाकीचे पांगले. उरले बारा. त्यांनी टोपल्या उचलल्या आणि ते खोऱ्याच्या वाटेला लागले. सावरी मडकं घेऊन दारात एकटीच उभी राहिली.

"ही डहाळी नव्हे," पहारेकरी म्हणाला.

"हिरवी आहे ना, काका? हातात आहे ना? तोडलेलीच हवी असं रीतीत कुठे म्हटलंय?"

पहारेकऱ्यानं मिशी चाचपली, डोकं खाजवलं आणि तिला उभं राहू दिलं.

प्रधान संध्याकाळची वाट पाहत बसला. संध्याकाळ झाली, रोप तसंच. आठवडा गेला, रोप तसंच. सावरी आपल्या वाटणीचं पाणी आधी त्याला घालायची, उरलं तर स्वतः प्यायची. दुपारी तिला ग्लानी आली की पहारेकरी इकडे तिकडे पाहून आपल्या तांब्यातलं पाणी हळूच मडक्यात ओतायचा. वर तिलाच दटावायचा, "पोरी, आधी तू पी. तू पडलीस तर मडकं धरणार कोण?"

त्याच आठवड्यात चौथ्या दिवशी संध्याकाळी भार्गव आला होता. धोतराच्या सोग्यात वडाची फळं बांधलेली, गुडघे सोललेले. "खोऱ्यात जाऊन आलो," एवढंच म्हणाला आणि राईकडे वळला. दुसऱ्या दिवसापासून खोऱ्याच्या वाटेवर पोरांची रांग लागली.

पुनव उद्यावर आली. आता मात्र राजालाच राहवलं नाही. आजवर कुणाची डहाळी इतके दिवस टिकली नव्हती. तो स्वतः दारात आला, मागोमाग प्रधानही.

"किती दिवस उभी आहेस?"

"आले तेव्हा याला दोन पानं होती, महाराज. आता पाच आहेत."

राजानं वाकून पानं मोजली. "बोल. कुणाविरुद्ध फिर्याद आहे तुझी?"

प्रधानाला उत्तर ठाऊक होतं. जमलेल्या लोकांनाही ठाऊक होतं. पण सावरी म्हणाली, "पहिली फिर्याद माझ्याविरुद्ध. राई वाचवायला निघाले आणि मीच राई ओरबाडली. धनेशाचं पिल्लू माझ्यामुळे उपाशी राहिलं. आधी मला शिक्षा द्या. मग तुमच्या भट्ट्यांचं बोलू."

त्या दारात आजवर हजारो फिर्यादी आले होते, पण स्वतःविरुद्ध कुणी आलं नव्हतं.

"तोडलेल्या प्रत्येक डहाळीमागे एक झाड लावून जगवायचं," राजा म्हणाला. "ही तुझी शिक्षा."

"मान्य आहे. आणि तुमची, महाराज?"

प्रधान ओरडत पुढे सरसावला. राजानं त्याला हातानं थांबवलं. मग त्यानं अर्ध्यावर आलेल्या महालाकडे पाहिलं, बोडक्या डोंगराकडे पाहिलं, आणि शेवटी या वाळलेल्या ओठांच्या पोरीकडे पाहिलं.

"बांधून झालं तेवढं पुरे," तो म्हणाला. "भट्ट्या विझवा. पोरीच्या एका झाडामागे माझी दहा झाडं लागतील."

वैशाख सरता सरता एका सकाळी बेहड्याच्या ढोलीचं लिंपण आतून फुटलं. आधी आई बाहेर आली, मग धडपडत पिल्लू. ते फांदीवरून घसरलं, सावरलं आणि उडालं. खाली उभी असलेली पोरं नाचली. भार्गव ढोल न वाजवता तोंडावर हात धरून रडत होता, आणि सावरीनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

झऱ्याला सातवी पायरी पुन्हा गाठायला पुष्कळ वर्षं लागली. सावरीचे केस पिकले तेव्हा कुठे ती पायरी भिजली. पण त्या दिवसापासून राज्याची रीत मात्र बदलली. दाद मागणारा मडक्यात रोप घेऊन येऊ लागला, आणि न्याय झाला की ते रोप तिथेच दारासमोर लावलं जाऊ लागलं. आज राजवाडा पडला, राजाचं नाव कोरलेला दगडही झिजला, पण दारापुढची राई उभी आहे, आणि चैत्रात तिच्यात धनेश येतात.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याच्यासाठी भांडायचं, त्याचीच फांदी मोडून कधी भांडू नये.