सुतक कोणाला

“मला सुतक लागतं का, एवढंच सांगा.”

सोहोनी मास्तर पायरीवरच उभे होते. चपला काढल्या होत्या, पण आत येत नव्हते.

केवलबाबा ओसरीवर उन्हाला पाठ देऊन बसले होते. मी शेजारी चिंचेनं ताम्हण घासत होतो. मठातली दत्ताच्या पादुकांची पूजा बावीस वर्षं माझ्याकडे आहे. बाबा पादुकांना हात लावत नाहीत. गाभाऱ्याचा उंबरादेखील ओलांडत नाहीत. ते पूजेअर्चेच्या पलीकडे गेलेत, असं आम्ही शिष्य आल्यागेल्याला मोठ्या तोऱ्यात सांगतो.

“कोण गेलं?” बाबांनी विचारलं.

“उल्का.”

मला आठवली. आठ वर्षांपूर्वी दोघं आले होते. मास्तर कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे, लग्नाविरुद्ध त्यांनी एक पुस्तकही लिहिलं होतं. याच ओसरीवर बसून त्यांनी बाबांना ऐकवलं होतं, की लग्न आणि मठ ही दोन्ही दुकानं पंचवीस वर्षांत बंद पडतील.

उल्काबाई हसल्या होत्या. म्हणाल्या, “आम्ही रोज सकाळी नव्यानं ठरवतो, आज एकत्र राहायचं का ते. अकरा वर्षं झाली, रोज हो आलंय.”

मला तेव्हा रागच आला होता. पण बाई गोड होत्या. जाताना माझ्याकडून ताक मागून प्यायल्या.

“कधी गेली?”

“आज अकरावा दिवस. तिच्या भावाच्या घरचं सुतक आज फिटलं.”

“दिवस भावानं केले?”

“सगळं त्यानंच केलं. माझ्याशी वाईट वागला नाही, खोटं कशाला बोलू. पण त्याची बायको... एकोणीस वर्षांत तिनं उल्काला एकदा चहाला बोलावलं नाही. तिला दहा दिवस सुतक. देवाला शिवणं नाही, गोडधोड नाही, कुठे जाणं नाही. दारात येईल त्याला सांगत होती, आम्हाला सुतक आहे.”

“आणि तू?”

बाबा सगळ्यांनाच अरेतुरे करतात. मास्तरांना पूर्वी ते खटकायचं. आज खटकलेलं दिसलं नाही.

“मी तिसऱ्या दिवशी तास घेतला. येऊ नका असं कोणी म्हणालं नाही. स्टाफरूममध्ये एकाला नात झाली होती. त्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला.”

मास्तरांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं.

“मी खाल्ला, बाबा.”

खाली कुकडी नदीच्या पाण्यात बायका धुणं आपटत होत्या, तेवढा आवाज येत होता.

मग मास्तर एकदम बोलायला लागले. वर्गात बोलतात तसे, पण आवाज फाटलेला.

“आमचा सात जोडप्यांचा गट होता. कोणी कोणाला बांधायचं नाही, असं ठरलेलं. त्यातल्या सहा जोडप्यांनी पुढे गुपचूप लग्न केलं. एकानं घराच्या कर्जासाठी, एकानं आईच्या हट्टासाठी, एकीनं मूल होणार म्हणून. मी सगळ्यांना भित्रे म्हणालो. आता ते सगळे मला फोन करतात आणि काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. तुम्ही सांगा. इतका जाच, इतकी भांडणं, इतक्या बायकांचे हाल, हे सगळं मी खरंच लिहिलंय. त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही. मग हे लग्न मरत का नाही?”

बाबा माझ्याकडे वळले.

“ताम्हण झालं?”

“झालं, बाबा.”

“आज पादुकांची पूजा याला करू दे.”

मला ते आवडलं नाही, हे लपवत नाही. ज्यानं मठाला दुकान म्हटलं, त्याच्या हातात बावीस वर्षांची पूजा द्यायची? पण बाबांपुढे माझं काय चालणार. मी ताम्हण पुढे केलं.

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मारकुट्या मास्तरांसमोर पोरं नेतात तसे.

“नको. मला... मला चालत नाही.”

“कोण म्हणालं?”

“कोणीच नाही.”

“भटजी?”

“नाही.”

“तिचा भाऊ?”

“नाही म्हणालो ना.”

“मग लागलंय तुला.”

मास्तर पायरीवर बसले आणि रडले. मठात माणसं पुष्कळ रडतात. अशा वेळी मी काहीतरी कामाला लागतो. त्या दिवशी मात्र ताम्हण हातात धरून तसाच उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी धोतराच्या सोग्यासारखं शर्टाचं टोक धरून तोंड पुसलं.

“किती दिवसांचं?”

“त्या वहिनीचं दहा दिवसांचं होतं.”

“हो.”

“आज तिनं अंघोळ केली, संपलं. उद्या देवापुढे दिवा लावेल. परवा बाजारात जाईल, कोणाशी हसेल. कोणी नावं ठेवणार नाही.” बाबा थांबले. “लोक त्यासाठी लग्न करतात.”

“सुतक लागावं म्हणून?”

“फिटावं म्हणून.”

मास्तर बाबांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता वाद घालतील. घातला नाही.

“मग माझं?”

“माझ्या बायकोचं नाव सरू,” बाबा म्हणाले.

बावीस वर्षांत मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

“मी घर सोडलं तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दीक्षा घेताना मी स्वतःचं श्राद्ध केलं. त्या दिवशी सगळी नाती संपली. पुढे ती गेल्याचं पत्र इथे आलं. मी इथेच बसलो होतो, उन्हात.”

“संन्याशाला सुतक नसतं,” मास्तर म्हणाले. त्यांनी तेही कधीतरी वाचलेलं असणार.

“नसतं.”

“मग तुम्ही मला हे का सांगताय?”

“तू संसार मांडला नाहीस. मी मांडलेला मोडला.”

धुणं संपलं होतं. बायका घाट चढून निघाल्या होत्या, त्यांच्या बोलण्याचा आवाजही लांब गेला. पूजेची वेळ टळत होती आणि मला ते सांगवेना.

मास्तर उठले. त्या दिवशी पहिल्यांदाच पायरीवरून वर आले आणि बाबांच्या समोर खाली बसले.

“मला तेवढंच सांगा,” ते म्हणाले. “लग्न नाही, नातं नाही, कोणी दिवस मोजत नाही. अशा माणसाचं कसं फिटतं? तुमचं कसं फिटलं?”

बाबांनी माझ्या हातातल्या ताम्हणाकडे हात नेला. बोटं काठाला लागायच्या आधीच तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

“ते पत्र येऊन एकतीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “अजून पादुकांना शिवलेलो नाही.”