गुळाचा पूल

नदीकाठच्या काळ्या जमिनीवर मळईनगर नावाचं एक छोटं संस्थान वसलं होतं. हैबतराव तिथला राजा. मनाने मोठा होता आणि अंगानेही. जमीन अशी की ऊस नुसता टोचला तरी माजायचा. पौषात गुऱ्हाळं पेटली की सगळ्या नगरात काकवीचा वास भरून राहायचा, आणि मळईनगरची माणसं त्या वासानेच अर्धी खूश व्हायची.

या नगराची एक रीत होती. दर पौषात राजाची गूळतुला व्हायची. राजवाड्यापुढच्या चौकात भलामोठा तराजू टांगत. एका पारड्यात राजा बसायचा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी रचायच्या, आणि तेवढा गूळ घरोघर वाटायचा. रीत पडली होती हैबतरावाच्या पणजोबांच्या काळात, एका मोठ्या दुष्काळानंतर. राजा खातापिता दिसला की हाडं वर आलेल्या प्रजेला धीर यायचा. पुढे दुष्काळ सरला, रीत मात्र राहिली. आता लोक तुलेवरूनच राज्याचं बरंवाईट ठरवत. गेल्या खेपेपेक्षा ढेप जास्त लागली की भरभराट झाली, असं त्यांचं साधं गणित होतं.

राजा करतो म्हटल्यावर बाकीचे कसे मागे राहतील? पाटलाने स्वतःची तुला सुरू केली. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी केली. ज्याच्या घरी तराजू नव्हता त्याने निदान पोट तरी वाढवलं. पाहुणा आला की त्याच्यापुढे गूळतुपाची वाटी, नको म्हणाला तर यजमान रुसून बसायचा. आणि पायी चालणं म्हणजे तर अगदी हलकेपणा. देवळात जायचं तरी दमणी जुंपत. देऊळ कुठे, तर समोरच्या गल्लीत. बैलांचा तेवढा व्यायाम व्हायचा.

हैबतराव दयाळू होता, हे कुणीही कबूल करील. त्याने नदीकाठी मोठी औषधशाळा बांधली होती. तिथे कुणाकडूनही काही घेत नसत. वैद्य, औषध, पथ्याचं जेवण, सगळा खर्च राज्याच्या खजिन्यातून. दरवर्षी औषधशाळेला नवा सोपा जोडावा लागायचा, नव्या खाटा घालाव्या लागायच्या, आणि राजा अभिमानाने सांगायचा, "आमच्याइतकी मोठी औषधशाळा चहूकडे कुठे नाही." त्याला हे कधी सुचलंच नाही की इतक्या खाटा लागतात कशाला.

राजाची मोठी बहीण सगुणाक्का. ती नदीपलीकडच्या पाडळी गावात दिली होती. पावसाळ्यात नदी फुगली की पलीकडची गावं चार महिने तुटायची. एका श्रावणात सगुणाक्काच्या नवऱ्याला शेतात नाग चावला. लोकांनी उचलून काठावर आणलं. समोर औषधशाळेचं कौलारू छप्पर दिसत होतं, पण त्या पाण्यात होडी घालायची कुणाची छाती झाली नाही. तिथेच, त्या छपराकडे बघत, तो गेला. पूर ओसरल्यावर हैबतराव बहिणीला भेटायला आला, ढसाढसा रडला आणि म्हणाला, "अक्का, इथे मी पूल बांधीन."

तेव्हापासून भाऊबीजेला सगुणाक्का यायची, भावाला ओवाळायची, पण ओवाळणी घ्यायची नाही. राजा शालू घालू बघायचा, मोहरा घालू बघायचा. ती ताट मागे घ्यायची.

"माझी ओवाळणी तुला ठाऊक आहे, हैबती," एवढंच म्हणायची.

एका भाऊबीजेला राजाला ते रिकामं ताट फार लागलं. त्याने दिवाण अंताजीपंतांना बोलावलं. "पंत, पुलाचं काम या वर्षी लागलंच पाहिजे."

"महाराज, पुलासाठी काढून ठेवलं होतं ते औषधशाळेत गेलं."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात."

"मागच्या वर्षीही तिथेच गेलं. त्याच्या मागच्या वर्षीही."

"मग कर वाढवा."

सगुणाक्का उंबऱ्यात उभी होती. ती पुढे झाली. "आणखी वाढवा? आमच्या गावचे लोक कर भरतातच की रे. तुमच्या औषधशाळेचा खर्च आम्हीही उचलतो, आणि नाग चावला की काठावर बसून मरतो."

राजाने पालखी मागवली आणि तडक औषधशाळा गाठली. त्याला वाटलं होतं, आत तापाने फणफणलेली, हातपाय मोडलेली माणसं असतील. पाहतो तर तापकरी अंगणात झाडाखाली घोंगडीवर पडलेले. एक बाळंतीण ओसरीच्या कडेला बसलेली. आणि आतल्या खाटांवर कोण, तर पेठेतले व्यापारी, वाड्यांवरचे पाटील, देवळाला दमणीतून जाणारी ओळखीची मंडळी. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला धाप, कुणाच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नव्हती, कुणाच्या लघवीला मुंग्या लागत होत्या.

"वैद्यराज, यांना झालंय तरी काय?" राजाने विचारलं.

वैद्य धुंडिराजांनी हात जोडले. "महाराज, राग नसावा. आपल्याला जे होऊ घातलंय, तेच."

राजा खाटेच्या कडेवर टेकला. खाट करकरली. जिना चढताना आपल्याला मधेच थांबावं लागतं, हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"सगळ्यांचंच दुखणं हातचं नसतं," धुंडिराज म्हणाले. "कुणी जन्मतःच आजारी असतो, कुणावर ते अवचित कोसळतं. त्यांच्यासाठीच तर ही शाळा आहे. पण या आतल्या खाटांपैकी बहुतेक भरल्यात त्या ताटाने आणि बसून राहण्याने. मी औषध देतो, ते घरी जाऊन पुन्हा तेच खातात, पुन्हा येतात. लांबून येणारी औषधं सगळ्यांत जास्त इथेच संपतात."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुलेच्या दिवशी आपलं पारडं खाली गेलं की सगळं नगर नाचतं. त्या गर्दीत मी एकटा काय बोलणार होतो?"

राजा परतला तो हुकूम घेऊनच. दवंडी पिटली गेली: गूळ खाणं बंद, दमणी बंद, सगळ्यांनी पायी चालावं. झालं काय? लोकांनी गूळ भाताखाली लपवला. दमणीला पडदे लावून आत आजारी आहे म्हणून सांगू लागले. खुद्द राजवाड्यात भरदुपारी सगुणाक्का कोठीघरात शिरली तर महाराज डब्यात हात घालून उभे, गालात लाडू.

ती हसतच सुटली. "अरे, दवंडीने कुणाची जीभ आवरलीय का? लोक तुझे हुकूम ऐकत नाहीत, हैबती. तुझं ताट बघतात. आधी तू बदल, मग बघू."

राजाला लाज वाटली. खरीखुरी वाटली. त्याने त्याच दिवशी दवंडी मागे घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पालखी न मागवता पायी निघाला, राजवाड्यापासून नदीच्या घाटापर्यंत. भोई बिचारे गोंधळले. रिकामी पालखी खांद्यावर घेऊन त्याच्या मागे मागे चालले. राजा चार ठिकाणी बसला, घामाने निथळला, आणि नगरात बोभाटा झाला की खजिना संपला, महाराजांना पालखी परवडत नाही.

पण मळईनगरची आणखी एक रीत होती. राजा पायी चालत असेल तर त्याच्या समोरून कुणी वाहनात बसून जायचं नाही. तो मोठा अपमान. झालं, पहाटेच्या वेळी घाटाच्या रस्त्यावरच्या सगळ्या दमण्या रिकाम्या होऊ लागल्या. मंडळी कुरकुरत उतरायची आणि राजाच्या मागे चालायची. पहिल्यांदा मोजकी होती, मग रांग लागली. चालता चालता गप्पा होऊ लागल्या. पुढे पुढे राजा दिसला नाही तरी लोक घाटावर जाऊ लागले, कारण गप्पा अर्ध्या राहिलेल्या असत.

राजाच्या ताटात आता ज्वारीची भाकरी आली, पालेभाजी आली, ताक आलं. म्हातारा आचारी पहिल्या दिवशी डोळ्यांना पदर नाही म्हणून पंचा लावून रडला. राजालाही सोपं गेलं नाही हो. संध्याकाळी त्याला लाडू आठवायचे, चिडचिड व्हायची, कधी तो मोडायचा आणि दुसऱ्या दिवशी घाटावर जास्त चालायचा. पण पौष जवळ येईतो तो जिना न थांबता चढू लागला होता.

आणि पौष आला. तुला आली. दिवाण अंताजीपंतांची झोप उडाली. राजा उतरलाय हे तर डोळ्यांना दिसत होतं. पारडं वर गेलं तर लोक म्हणणार, राज्य बुडालं. व्यापारी माल काढून नेतील, शेजारचे राजे टपलेले आहेत. पंतांनी शिंप्याला गाठून राजाच्या तुलेच्या अंगरख्याच्या घेरात शिशाच्या पट्ट्या शिवून घेतल्या.

"महाराज, प्रजा घाबरू नये एवढ्यासाठी," ते हात जोडून म्हणाले. "यंदाचं एक वर्ष."

हैबतरावाने तो जड अंगरखा हातात धरला. खरं सांगायचं तर त्यालाही भीती वाटत होती. बापाच्या, आजोबांच्या तुलेत कधी ढेप कमी झाली नव्हती. त्याने निमूटपणे अंगरखा चढवला.

चौक माणसांनी फुलला होता. राजा पारड्यात बसला. ढेपीमागून ढेप चढली. गेल्या वर्षीइतक्या ढेपी झाल्या आणि काटा सरळ उभा राहिला. लोकांनी जल्लोष केला, ढोल वाजले. राजाने समोर पाहिलं. पाडळीची माणसं घेऊन सगुणाक्का पुढेच उभी होती. टाळ्या ती पण वाजवत होती, पण तिचे डोळे नदीकडे होते.

राजा पारड्यातून उतरला. त्याने अंगरख्याचे बंद सोडले, अंगरखा काढून जमिनीवर टाकला. आतलं शिसं फरशीवर खणकन वाजलं. साध्या धोतरात तो पुन्हा पारड्यात जाऊन बसला, आणि त्याचं पारडं वर वर गेलं.

ढोल थांबले.

"हे माझं खरं वजन," राजा म्हणाला. "राज्य बुडालेलं नाही. उलट इतकी वर्षं मी आणि तुम्ही मिळून एक पूल खाल्ला. तो परत काढायचाय. काटा सरळ होईपर्यंत ढेपी उतरवा आणि बाजूला ठेवा. पुलाच्या चुन्यात गूळ लागतो, तो हा."

थोडा वेळ नुसती कुजबुज चालली. कुणी म्हणालं, आमच्या वाट्याचा गूळ गेला. मग औषधशाळेतून काठी टेकत आलेला एक जाडजूड व्यापारी पुढे झाला. "माझ्या तुलेतल्याही घ्या," तो म्हणाला. "नाहीतरी माझ्या पायाला त्या झेपत नाहीत." लोक हसले, आणि हसता हसता एकेक घर कबूल होत गेलं.

पूल एका दिवसात उभा राहिला नाही. काहींनी चोरून खाल्लंच, काही पुन्हा आजारी पडले, आणि त्यांनाही धुंडिराजांनी तेवढ्याच मायेने औषध दिलं. पण हळूहळू औषधशाळेतल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या. अंगणातले तापकरी आत आले. बाळंतिणींना स्वतंत्र सोपा मिळाला. लांबच्या औषधांचा खर्च उतरला तसा खजिन्यात पुलापुरता पैसा साठू लागला. नदीकाठी चुन्याची घाणी फिरू लागली. चुना, वाळू, हिरड्याचं पाणी आणि गूळ. पाथरवट सांगायचे, असा घट्ट चुना आम्ही कधी कालवला नव्हता.

पूल पुरा झाला त्या श्रावणात नदी दुथडी भरून वाहत होती. पाडळीच्या एका तरण्या बाईला बांधावर नाग चावला. लोकांनी तिला झोळीत घातलं आणि पुलावरून धावतच आणलं. धुंडिराज दारातच उभे होते. आत खाट रिकामी होती. ती बाई वाचली.

त्या भाऊबीजेला सगुणाक्का पुलावरून पायी चालत आली. भावाला ओवाळलं आणि कितीतरी वर्षांनी ताट पुढे धरलं. हैबतराव कावराबावरा झाला. पूल तर देऊन झाला होता, आता काय घालावं त्याला सुचेना.

"गुळाचा खडा घाल," ती म्हणाली. "छोटासाच."

राजाने ताटात सुपारीएवढा खडा ठेवला. तिने तो दाताने तोडला, अर्धा भावाच्या तोंडात घातला, अर्धा स्वतः खाल्ला. दोघांचे डोळे भरून आले होते. इतका गोड गूळ हैबतरावाने जन्मात खाल्ला नव्हता.

तात्पर्य: पोट ज्याचं त्याचं असलं तरी दुखण्याचा खर्च साऱ्या राज्याचा असतो, आपण मापात खाल्लं आणि चार पावलं चाललो, तर वाचलेल्या पैशातून कुणाचा तरी पूल उभा राहतो.