पुढं बसणारं पिल्लू

मुलांनो, ही गोष्ट अगदी खरी आहे. शपथेवर सांगतो, मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे पाहिली असं नाही. मी झाडामागं होतो आणि डोळे गच्च मिटलेले होते. पण ऐकली मात्र नक्की.

बांबूचं दाट रान असलेल्या एका डोंगरावर एक अस्वलीण राहत असे. तिला दोन पिल्लं, एक मुलगा आणि एक मुलगी. अस्वलाची पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. मुलगा जन्मापासून नाजूक आणि किरकिरा, म्हणून तो पुढं, मानेजवळ. मुलगी धट्टीकट्टी, म्हणून ती मागं. वाटेत मुलानं भोकाड पसरलं की अस्वलीण थांबे आणि मधाच्या पोळ्याचा तुकडा मानेवरून मागं धरी. तो अर्थातच पुढच्याला मिळे. दिवसभर तो पोळं चोखत फिरे आणि चोखता चोखताच झोपी जाई. अस्वलिणीच्या आईनंही असंच केलं होतं, आजीनंही. त्या घराण्यात पोर शांत करायची हीच रीत होती.

एका सकाळी मुलानं रोजच्या जेवणातल्या वाळवीला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गाल सुजून टम्म झाला. तिसऱ्या दिवशी तो पाठीवर चढला तेव्हा अस्वलीण चरकली, कारण त्याचं ओझंच लागत नव्हतं. ती तशीच म्हाताऱ्या वानरीकडं गेली. ही वानरी साऱ्या रानाच्या उवाही काढी आणि उखाळ्यापाखाळ्याही.

"आ कर रे, सोन्या. अजून मोठा. मी काही आत राहायला येत नाही," वानरी म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "दाढा काळ्या पडल्यात गं याच्या."

"आमच्या रक्तातच आहे, मावशी," अस्वलीण म्हणाली. "माझ्या आईला शेवटी बोरंसुद्धा चावता येत नव्हती. आजी तर बोळक्या तोंडानंच गेली. त्याला कोण काय करणार?"

"बरं. आता हिचं बघू." वानरीनं मुलीची हनुवटी धरली. आत कोवळ्या मक्यासारखे पांढरे दाणे. "ही कुणाची?"

"माझीच की."

"बापही तोच?"

"मावशी, काहीतरीच काय विचारता."

"मग रक्त एकच झालं. बसायची जागा तेवढी वेगळी."

अस्वलिणीनं एकदा मुलाच्या तोंडात पाहिलं, एकदा मुलीच्या. "मी तर लाडानं देत होते," ती हळूच म्हणाली.

"लाडानंच गं. वैऱ्यानं दिलं असतं तर पोरानं थुंकून टाकलं असतं." वानरीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचे दात मुळात हळवे आहेत, ते मीही मानते. पण हळव्याला जास्त जपायचं, की रक्ताच्या नावानं सोडून द्यायचं? या दुधाच्या दाढा आहेत. पडतील, नव्या येतील. मध द्यायचाच तर जेवणाबरोबर दे, वर लगेच ओढ्याचं पाणी. सकाळ-संध्याकाळ बाभळीची काडी फिरव, दोघांच्याही दातांवरून. झोपताना तोंडात काही नाही. आता त्याचा पंजा धर, दुखरी दाढ हलतेच आहे, ती काढून टाकते."

दाढ निघाली. दुपारपर्यंत सूज ओसरली, मुलानं पोटभर वाळवी खाल्ली आणि पाठीवर चढल्या चढल्या सूर लावला, "आई, पोळं."

अस्वलिणीचा पंजा सवयीनं वर गेला. तिनं तो खाली घेतला आणि चालता चालता घशातल्या घशात गुणगुणू लागली. मुलानं तिचे कान ओढले. "तू वाईट आई आहेस," तो म्हणाला.

"असेन," ती म्हणाली. "आ कर, काडी फिरवू दे."

तिसऱ्या दिवशी तो रडायचा थांबला आणि नुसत्या गुणगुणण्यावर झोपी गेला. पुढं त्याला नव्या दाढा आल्या, बहिणीसारख्याच पांढऱ्या, आणि त्या टिकल्या.

आता कबूल करतो. तिसऱ्या दिवशी तो थांबला, हे मी रचलं. तो चांगला महिनाभर रडला, आणि महिनाभर ती ऐकत राहिली. एवढं रडं खरंखुरं सांगितलं असतं, तर तुमच्या आयांनी वानरीचं ऐकायचा विचारच सोडून दिला असता. बाकी सगळं खरं आहे.

तात्पर्य : हळवे दात वाडवडिलांकडून येतात, तशा सवयीही त्यांच्याकडूनच येतात. दातांचा हळवेपणा बदलता येत नाही, सवयी बदलता येतात. म्हणून हळव्याला रडू आलं तरी जपावं.